बारमागची बाई काय म्हणाली, ते पुन्हा आठवा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

नोकरीच्या निमित्ताने मी आणि माझी बायको गेल्या वर्षी इंग्लंडला आलो. वेस्ट मिडलंड्समधल्या एका गावात राहतो. घरापासून पाच मिनिटांवर एक पब आहे. सपाट छपराचा, विटांचा, खिडक्यांना जाळी, दारावर सेंट जॉर्जचा, म्हणजे इंग्लंडचा, झेंडा. येता-जाता रोज दिसतो. ऑफिसात सगळे सांगतात, पबमध्ये गेल्याशिवाय इथली माणसं कळायची नाहीत. म्हणून मागच्या शनिवारी दुपारी एकटाच आत गेलो.

दार ढकललं आणि आतली सगळी बडबड थांबली. वाढवून सांगत नाही ताई, खरंच थांबली. काउंटरच्या टोकाला एक स्टूल रिकामं होतं. त्यावर बसलो तर शेजारचा म्हातारा म्हणाला, "ती जागा धरलेली आहे." जागेवर कुणीच नव्हतं. मी उठून उभा राहिलो. बारमागच्या बाईने माझ्यानंतर आलेल्या दोघांना आधी दिलं, मग मला विचारलं. मी हाफ लागर, म्हणजे अर्धा पाइंट बिअर, घेतली. एकाने विचारलं, "कुठला तू?" मी गावाचं नाव सांगितलं. "ते नाही, मूळचा कुठला?" तेही सांगितलं. तेवढ्यात मागच्या टेबलावरून एक जण ओरडला, "करी हाउस पुढच्या गल्लीत आहे!" चार-पाच जण हसले. ती बाई त्याच्याकडे बघून काहीतरी बोलली, मला नीट ऐकू आलं नाही, पण तो गप्प बसला. मी अर्धा ग्लास तसाच ठेवून निघालो. ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आज मॅच आहे, लव्ह. तू मंगळवारी ये." म्हणजे सरळ हाकललंच की.

ऑफिसातला मित्र म्हणाला, "सपाट छपराच्या पबमध्ये जायचं नसतं, एवढंही माहीत नाही?" बायको म्हणते, मुळात तसल्या ठिकाणी जायचंच कशाला. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा वंशभेद होता, की मीच फार मनाला लावून घेतोय? परत जावं का? आणि तक्रार करायची तर कुठे?

— एक वाचक

उत्तर

नमस्कार.

त्या करी हाउसवाल्यापासून सुरुवात करते, कारण पत्राच्या शेवटी तुम्ही स्वतःलाच दोष द्यायला लागला आहात. तो वंशभेद होता. एखादा माणूस पैसे देऊन शांतपणे ग्लास हातात घेऊन उभा आहे आणि त्याच्या कातडीकडे बघून त्याला "तुझी जागा दुसरीकडे आहे" असं सांगितलं जातं, तेव्हा त्याला दुसरं नाव नाही. गंमत म्हणून म्हटलं, चार लोक हसले, म्हणून ते हलकं होत नाही. तुम्ही मनाला लावून घेतलं ते बरोबरच केलं. मलाही वाचताना राग आला.

पण त्या दुपारी तुमच्या बाबतीत पाच-सहा गोष्टी घडल्या आणि बाहेर पडेपर्यंत तुम्ही त्या सगळ्यांचं एकच गाठोडं बांधलं. ते सोडून एकेक गोष्ट वेगळी बघावी लागेल, नाहीतर परत जायचं की नाही हे ठरवता येणार नाही.

मी बरीच वर्षं कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, गृहनिर्माण खात्यात नोकरी केली. इस्टेटवरच्या, म्हणजे कौन्सिलने बांधलेल्या वसाहतीतल्या, रहिवाशांच्या बैठका घ्यायचं काम माझ्याकडे होतं आणि त्या बैठका बहुतेक वेळा पबच्या वरच्या हॉलमध्ये व्हायच्या, कारण इस्टेटवर दुसरी जागाच नसायची. साडी नेसून, हातात फायलींची पिशवी घेऊन मी अशा पबांत शिरले आहे जिथे माझ्यासारखी बाई आधी कुणी पाहिलीच नव्हती. ती शांतता मला चांगली ओळखीची आहे. तिच्यात काय काय असतं ते सांगते.

पहिली गोष्ट ती बडबड थांबण्याची. इस्टेटवरच्या पबमध्ये रोजची तीस-चाळीस माणसं असतात, तीच ती, वर्षानुवर्षं. दार वाजलं की कोण आलं हे मान वर न करता त्यांना कळतं. अनोळखी माणूस आला की ती थांबतात आणि बघतात. आपल्याकडे गावच्या पारावर परका माणूस येऊन टेकला की "कुठलं पाव्हणं?" म्हणून सगळे त्याच्याकडे वळतात, तेच इथे न बोलता होतं. पलीकडच्या गावातला गोरा माणूस आला तरी होतं. माझ्याबरोबर येणारा सहकारी यॉर्कशायरचा होता, उंचापुरा आणि लालबुंद. त्यालाही हीच शांतता मिळायची आणि तोही माझ्याइतकाच अवघडायचा.

स्टूलचंही तसंच. काउंटरच्या टोकाचं स्टूल कधीच रिकामं नसतं, त्यावर माणूस नसला तरी. कुणीतरी रोज ठरलेल्या वेळेला तिथे येऊन बसतो आणि त्याची वेळ सगळ्यांना पाठ असते. काही पबांत असा माणूस गेल्यावर त्याच्या नावाची छोटी पितळी पट्टी तिथे ठोकतात. ग्लासाखाली ठेवायची पुठ्ठ्याची चकती ग्लासावर ठेवलेली दिसली तर ती जागाही धरलेलीच. माणूस बाहेर सिगारेट ओढायला गेलाय, येतोय. म्हाताऱ्याने तुम्हाला घरातला नियम सांगितला. चांगल्या शब्दांत सांगू शकला असता, हे खरं.

दोघांना आधी दिलं, याबद्दल मी खात्रीने काही म्हणणार नाही. पबमध्ये रांग दिसत नाही, पण नंबर असतो आणि तो बारमागच्या माणसाच्या डोक्यात असतो. काउंटरला टेकून उभं राहायचं, नजरेला नजर मिळाली की तुमचा नंबर लागला. नेहमीचा माणूस दारात दिसला की त्याचा ग्लास भरायला सुरुवात होते, त्याला काही मागावंही लागत नाही. तसंही झालं असेल, किंवा मुद्दाम झालं असेल. एका खेपेवरून ठरवू नका.

"मूळचा कुठला?" या प्रश्नावर आपल्यापैकी बरेच जण चिडतात. मी त्याच्या पुढच्या वाक्याकडे बघते. "अच्छा, माझ्या बायकोचा डॉक्टर तिकडचाच" किंवा "माझा आजा युद्धात तिकडे होता" असं काही आलं, तर त्याला बोलायचंय, फक्त सुरुवात कशी करावी ते कळलं नाही. पुढे काहीच आलं नाही, नुसतंच निरखणं आलं, तर तो वेगळा माणूस. तुमच्या बाबतीत पुढचं वाक्य येण्याआधीच मागून तो ओरडला.

आणि आता ती बाई. मला तुमच्या पत्रात सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते तिचं वागणं, आणि तुम्ही ते दोन ओळींत उरकलंत. तिने तुम्हाला दिलं. त्या माणसाला सगळ्यांदेखत गप्प केलं. भर गर्दीत, मॅचच्या दुपारी, काउंटर सोडून ती दारापर्यंत आली. शनिवारी दुपारी काउंटर सोडणं म्हणजे काय असतं हे तिथे काम केलेल्या कुणालाही विचारा. हाकलायचं असतं तर ती जागची हललीही नसती, तुम्ही निघालाच होतात. ती मुद्दाम येऊन म्हणाली की आज दिवस वाईट आहे, मंगळवारी ये. "परत येऊ नकोस" म्हणणारा माणूस वार सांगत नाही.

अनोळखी पब कसा आहे हे मी नेहमी बारमागच्या माणसावरून ठरवते. गिऱ्हाईक बदलतं, चढतं, उतरतं. पबची हवा ठेवतो तो काउंटरमागचा. कायदाही त्यालाच धरतो: 2003 च्या लायसन्सिंग ॲक्टप्रमाणे झिंगलेल्या माणसाला आणखी दारू विकणं हा विकणाऱ्याचा गुन्हा आहे, आणि दंगा करणाऱ्याला "बाहेर हो" सांगितल्यावर तो गेला नाही तर तो त्याचा गुन्हा.

एक प्रसंग सांगते. इस्टेटवरचा एक पब होता, आमच्या खात्यात त्याचं नाव काढलं की नवी मुलं जायला तयार नसायची. कार्पेट इतकं चिकट की बूट उचलताना आवाज यायचा. बैठक संपवून मी खाली आले तर दोन माणसं टेबलाच्या दोन बाजूंना उभी, एकाचा चेहरा पांढराफटक. लँडलेडी, म्हणजे पब चालवणारी बाई, आयरिश, माझ्या खांद्याला लागेल एवढी. ती आवाज न चढवता त्या टेबलापाशी गेली आणि आधी त्या दोघांचे ग्लास उचलले. मग शेजारच्या टेबलावरचे उचलले. ते सगळे काउंटरवर नेऊन ठेवले, ज्यूकबॉक्सची वायर काढली, मला मनगटाला धरून काउंटरच्या आत घेतलं, आणि मग वळून त्यांना म्हणाली, "आता बोला." बोलायला दोघांकडेही काही उरलं नव्हतं. एक जण कोट घेऊन निघून गेला. नंतर तिने मला सांगितलं की हातात काच नसली की निम्मं भांडण तिथेच मरतं. त्या रात्री ती माझ्याबरोबर गाडीपर्यंत चालत आली आणि मी काच वर करून दार लॉक करेपर्यंत उभी राहिली. पुढच्या प्रत्येक बैठकीला माझ्यासाठी चहाची किटली वर आलेली असायची.

याच्या उलट एक जागा. गवताने शाकारलेलं छप्पर, शेकोटी, भिंतीवर घासूनपुसून चमकवलेली पितळी भांडी, दाराशी गुलाब. रविवारच्या रोस्टसाठी मी आणि यजमान गेलो. निम्मी टेबलं रिकामी होती. एका मुलीने अतिशय गोड हसून सांगितलं की सगळी राखीव आहेत. काउंटरपाशी उभं राहिलो, तर किचन बंद झाल्याचं कळलं. आम्ही कोट घालत होतो तेव्हा एक जोडपं आलं, तेही राखून न ठेवता आलेलं, कारण त्यांनी तसं आमच्यासमोर विचारलं. त्यांना खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि हातात मेनूही मिळाला. कुणी आवाज चढवला नाही, कुणी काही बोललं नाही. आजतागायत मला अपमान म्हटलं की ती जागा आठवते.

म्हणून तुमच्या मित्राचं सपाट छपराचं वाक्य मला पटत नाही. ते वाक्य इथे सगळे म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांबाहेर कौन्सिलच्या मोठमोठ्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांच्या मधोमध 1950 आणि 60 च्या दशकांत पटापट आणि स्वस्तात पब बांधले गेले, आणि सपाट छप्पर हा त्या काळातल्या बांधकामाचा भाग होता. वाक्यात छप्पर असलं तरी बोट त्याखाली बसणाऱ्या कामगारांकडे असतं, आणि त्यांनाही ते ठाऊक असतं. ब्रिटनमध्ये 2000 साली साठ हजारांच्या आसपास पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरलेत. इस्टेटवरच्या पबांना याचा जबर फटका बसला. तुमच्या शेजारचा अजून चालू आहे म्हणजे तिथल्या लोकांनी तो धरून ठेवलाय. दार उघडल्यावरच्या त्या नजरेत थोडी ती भीतीही असते: हा कोण, जागा विकत घ्यायला आलेला तर नाही? मला एकदा हेच तोंडावर विचारलं होतं, माझ्या हातातल्या फायली बघून.

यातून त्या ओरडणाऱ्याला सूट मिळत नाही. इथल्या पबांनी आपल्या लोकांना जी वागणूक दिली ती तुम्हाला माहीत असायला हवी, विशेषतः तुम्ही वेस्ट मिडलंड्समध्ये राहता म्हणून. बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिकमध्ये 1960 च्या दशकात फाउंड्र्यांत काम करणारे पंजाबी कामगार मोठ्या संख्येने होते. दिवसभर भट्टीपुढे घाम गाळून ते पबमध्ये जायचे, तर काही ठिकाणी त्यांना फक्त साध्या बारमध्ये उभं राहता यायचं. गाद्यांच्या खुर्च्या असलेली स्मोक रूम किंवा लाउंज गोऱ्यांसाठी. काही ठिकाणी दारातूनच परत. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतार सिंग जोहल यांनी यावर एक साधी पद्धत काढली. गोरे विद्यार्थी आणि भारतीय कामगार मिळून पबांत जायचे, कुणाला दिलं आणि कुणाला नाकारलं ते टिपून ठेवायचे, आणि पबच्या परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी हरकत घ्यायचे. जोहल यांच्याच बोलावण्यावरून 12 फेब्रुवारी 1965 ला अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले. ब्लू गेट्स नावाच्या पबच्या स्मोक रूममध्ये त्यांनाही नकार मिळाला. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यू यॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली.

त्याच्या आदल्या वर्षी ब्रिस्टॉलमध्ये पॉल स्टीफनसन नावाचा कृष्णवर्णीय कार्यकर्ता बे हॉर्स पबमध्ये गेला, "निघ" म्हटल्यावर निघाला नाही, आणि त्याला अटक झाली. कोर्टात तो सुटला. 1965 च्या अखेरीस ब्रिटनचा पहिला रेस रिलेशन्स ॲक्ट आला आणि पब, हॉटेल यांसारख्या सार्वजनिक जागी वर्णावरून नकार देणं बेकायदा ठरलं. नोकरी आणि घर या गोष्टी कायद्यात यायला 1968 उजाडलं. म्हणजे या देशात वर्णभेदाविरुद्धचा कायदा नोकरीच्या दारात पोहोचायच्या आधी पबच्या दारात पोहोचला. बायकांना तर त्याहून जास्त थांबावं लागलं: लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एल व्हिनो या वाइन बारमध्ये बायकांना काउंटरपाशी उभं राहून घेता येत नसे, आणि ते चुकीचं आहे हे कोर्ट ऑफ अपीलने सांगितलं 1982 मध्ये.

याच स्मेदिक-वेस्ट ब्रॉमिच पट्ट्यात आज देसी पब आहेत, पंजाबी कुटुंबांनी चालवलेले. तिथे काउंटरवर जुने गोरे कामगार आणि सरदारजी शेजारी-शेजारी बसतात आणि मधे तव्यावरून चुरचुरत आलेलं मिक्स्ड ग्रिल असतं. तुमच्या पत्नीला मुळात जायचंच कशाला असं वाटतं, त्यात मला काही वावगं दिसत नाही. कुणी पबमध्ये जायलाच हवं असं नाही, आणि गेलं तर दारू घ्यायलाच हवी असंही नाही. लेमोनेड किंवा चहा मागितला तर कुणी वेडावत नाही. पण त्यांना कुतूहल असेल तर पहिली खेप तिकडची करा, दोघं मिळून, जेवायच्या वेळेला. आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला: बऱ्याच पबांत काउंटरवर जाऊन "अँजेला आहे का?" असं विचारलं की कर्मचारी समजतात की या बाईला कुणाचा तरी त्रास होतोय, आणि तिला सुरक्षित बाहेर काढतात किंवा टॅक्सी बोलावून देतात. 2016 मध्ये लिंकनशायरमध्ये ही पद्धत सुरू झाली आणि देशभर पसरली.

आता परत जायचं का? माझं मत: मंगळवारी जा. पण धैर्याची परीक्षा म्हणून जाऊ नका, त्या बाईने बोलावलंय म्हणून जा. नाही गेलात तरी माझ्या लेखी तुम्ही कमी ठरत नाही.

गेलात तर संध्याकाळी सहाच्या आसपास जा, कामावरून परतणारी माणसं असतात आणि कुणाला फारशी चढलेली नसते. दारात रेंगाळू नका, सरळ काउंटरपाशी जा आणि तिला नमस्काराचं काहीतरी बोला. फोन खिशात ठेवा. अशा पबमध्ये फोटो काढणाऱ्याइतकं नकोसं कुणी नसतं. बसायच्या आधी "इथे कुणी आहे का?" विचारा. ज्या म्हाताऱ्याने उठवलं त्यालाच विचारलंत तर उत्तम, त्याला नियम सांगायला आवडतं आणि त्यातून बोलणं सुरू होतं. पैसे देताना "तुझ्यासाठीही एक घे" असं तिला म्हणा. इथे टीपची तीच रीत आहे, बहुतेकदा ती पेयाचे पैसे बाजूला ठेवते. पूल टेबल असलं आणि खेळायचं असलं तर टेबलाच्या कडेवर नाणं ठेवायचं, तोच तुमचा नंबर. कुणी राउंड घेतली, म्हणजे तुमच्यासकट सगळ्यांसाठी पेय आणलं, तर पुढची तुमची, हे मात्र विसरू नका. त्यात कुचराई केलेली माणसं इथे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. राउंडमध्ये पडायचं नसेल तर आधीच "मी एकच घेऊन निघणार आहे" म्हणा, कुणाला राग येत नाही.

मॅचच्या दिवशी मात्र नको. ती म्हणाली ते अगदी खरं आहे. त्या दिवशी नेहमीचे शहाणे लोक कोपऱ्यात जातात आणि बाहेरून आलेली टोळकी पबचा ताबा घेतात. ग्लासगोत रेंजर्स आणि सेल्टिक या दोन फुटबॉल क्लबांच्या वैरापायी कित्येक पबांच्या दारावर "फुटबॉलचे रंग घालून येऊ नये" अशी पाटीच असते, आणि ते सगळे आपसात गोरेच.

खरोखर धोक्याच्या जागेची खूण वेगळी असते. तिथे बारमागचा माणूस मान वर करत नाही. समोर शिवीगाळ चालली तरी तो ग्लास पुसत राहतो, किंवा स्वतःच हसणाऱ्यांत सामील होतो. टॉयलेटपाशी माणसं सारखी आत-बाहेर करतात आणि त्याला ते दिसत नाही. कुणी तुमच्या मागे मागे उठतो. असं दिसलं तर ग्लास भरलेला असला तरी ठेवा आणि निघा, हिशेब चुकता केलेला असतोच कारण इथे पैसे आधी देतात. प्लास्टिकचे ग्लास किंवा दारावर दंडावर परवाना लावलेले रखवालदार दिसले म्हणून घाबरू नका; मॅचच्या दिवशी किंवा कौन्सिलच्या अटीमुळे ते असतात, आणि असलेले बरे.

काही लोकांना अशा जागांचं आकर्षण असतं, तेही तुम्हाला भेटतील. लंडनच्या व्हाइटचॅपलमधल्या ब्लाइंड बेगर पबमध्ये 9 मार्च 1966 ला रॉनी क्रे या गुंडाने जॉर्ज कॉर्नेल या दुसऱ्या गुंडाला गोळी घातली, आणि आज लोक तिथे फोटो काढायला जातात. ऑफिसातही "मी किती भयानक पबमध्ये गेलो होतो" याच्या कहाण्या रंगवून सांगतात. ऐका, पण त्यावरून तुमच्या शेजारच्या पबबद्दल मत बनवू नका. कहाणी सांगणारा तिथे एकदा जाऊन आलेला असतो. तुम्हाला तिथे रोज येता-जाता राहायचं आहे.

राहिली तक्रार. यात दोन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पबने तुम्हाला वर्णावरून नाकारलं असतं, किंवा मुद्दाम वाईट वागवलं असतं, तर 2010 चा इक्वॅलिटी ॲक्ट लागू झाला असता. पबमालक एरवी कारण न सांगता कुणालाही नाही म्हणू शकतो, फक्त वर्ण, धर्म, लिंग, अपंगत्व अशा कारणांवरून नाही. अशा दाव्यासाठी काउंटी कोर्टात जावं लागतं आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत, एक दिवस कमीच धरा. त्याआधी इक्वॅलिटी ॲडव्हायझरी अँड सपोर्ट सर्व्हिस ही हेल्पलाइन फुकट सल्ला देते. पण तुमच्या बाबतीत पबने तुम्हाला दिलं आणि त्या माणसाला गप्पही केलं. तिथे दावा उभा राहील असं मला वाटत नाही, आणि त्या बाईवर तो लादावा असंही वाटत नाही.

त्या ओरडणाऱ्याची गोष्ट वेगळी. ती पोलिसांकडे नोंदवता येते, 101 वर फोन करून. तातडीचा धोका असेल तरच 999. एका वाक्यासाठी पोलिस धावत येतील अशी आशा धरू नका, पण नोंद राहते. त्याच पबमध्ये पुन्हा पुन्हा असं घडत गेलं आणि चालवणारे बघत राहिले, तर कौन्सिलच्या लायसन्सिंग विभागाकडे परवान्याच्या फेरविचाराची मागणी करता येते. ती कुणीही रहिवासी करू शकतो. गुन्हे आणि गोंधळ रोखणं ही परवान्यामागच्या चार उद्दिष्टांपैकी एक आहे, त्यामुळे अर्जात "वाईट वाटलं" एवढंच न लिहिता काय घडलं, कधी, कुणासमोर, आणि काउंटरमागच्याने काय केलं हे लिहावं लागतं.

यातलं काहीही कराल किंवा करणार नाही, ते निवांत ठरवा. तूर्त एवढंच करा: त्या शनिवारची तारीख, वेळ, तो माणूस कुठे बसला होता, नेमके शब्द काय होते आणि कोण कोण हसलं, हे एका कागदावर आजच उतरवून ठेवा, महिन्याभरात त्यातलं निम्मं आठवणार नाही. अर्ज करायचा झाला तर कच्चा मसुदा माझ्याकडे पाठवा. अशी पत्रं मी नोकरीत पुष्कळ लिहिली आहेत, बघून दुरुस्त करून देईन.